दूरचं स्टेशन

चामोर्शीच्या आठवडी बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आईचा रेडिओ मुका झाला तेव्हा त्यांनी तो उघडला, बिघडलेला डायोड काढला आणि नवा शोधण्याआधी विचारलं, "माय कोनतं स्टेशन ऐकते, बाबू?"

"हैदराबाद. तिचं माहेर सिरोंच्याकडचं. तेलुगू गाणी लागतात तिला."

डबीत काळे, जाड डायोड भरपूर होते. एक उचलून त्यांनी परत टाकला. "हा तगडा आहे, पन दूरचा बारीक आवाज त्याले ऐकू येत नाई. काचेचा नाजूकच पाह्यजे."

काचेचे संपले होते. त्यांनी शेजारी वाजणारा स्वतःचा रेडिओ बंद केला, त्यातला इवलासा डायोड काढला, त्यावर हळूच फुंकर मारली आणि आईच्या रेडिओत जोडला. त्या संध्याकाळी आई कितीतरी वेळ रेडिओला कान लावून बसली.

पुढच्या बाजारी चाचांचा रेडिओ नागपूर लावून जोरात वाजत होता. मागचं झाकण नव्हतंच. आत तो काळा डायोड दिसला.

"चाचा, तुम्हाला नको का दूरचं काही?"

"माह्यं दूर कोनी नाई, बाबू," ते हसले. "मले नागपूर पुरते."