लाल पट्टा

वाईजवळच्या डोंगरात रस्त्याचा बोगदा खणत होतो तेव्हाची गोष्ट. कातळात छोटे बार उडवायचे, त्यांच्या लहरी पुढच्या खडकावरून परतल्या की यंत्रावर टिपायच्या आणि पुढे काय वाढून ठेवलंय त्याचं चित्र काढायचं, हे माझं काम. आमच्या मोठ्या साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चित्रातले रंग छान दिसतात, एवढंच त्यांचं शास्त्र. खरा भरवसा रोज सकाळी बोगद्याच्या तोंडाशी फुटणाऱ्या नारळावर. तो फोडला की स्वारी गार गाडीत जाऊन बसे.

एकदा चित्रात लाल पट्टा उमटला. म्हणजे पुढे फुटका, पाण्यानं भरलेला खडक. आधी लांब भोकं पाडून पाणी काढायला हवं होतं, आणि तोवर काम बंद.

"उद्या पाहुणे यायचेत," साहेब म्हणाले. "हा लाल जरा हिरवा करा."

रंग दिला की खडक घट्ट होतो, अशी त्यांची समजूत असावी. ते अडाणी होते. मला तर सगळं कळत होतं. तरी मी यंत्रावरची रंगांची पट्टी सरकवली आणि लाल हिरवा केला.

ड्रिल चालवणारा गडी माण तालुक्याकडचा, बापजाद्यांनी मेंढरं राखलेली. आत जाताना तो मला रोज विचारायचा, तसं पाहुणे यायच्या सकाळीही विचारलं.

"सायेब, आज काय दावतंय मशिन?"

"काही नाही. जा बिनधास्त."

दुपारी कातळ फुटला. पाणी आणि चिखलाचा लोंढा आला. बाकीचे पळाले, त्याचा पाय दगडाखाली चेचला. साहेब म्हणाले, "निसर्गापुढं कुणाचं काय चालतं?" दुसऱ्या दिवशी पाणी काढायची भोकं पाडली. वरातीमागून घोडं. नारळ मात्र दोन फोडले.

काही महिन्यांनी तो लंगडत कामावर आला. साहेबांच्या हातातला नारळ त्यानं काढून घेतला आणि माझ्यापुढं धरला.

"आजपास्नं तुमी फोडायचा. हितं न्हाई. आत, कातळाजवळ. आन् आमचं भोक पडंस्तवर तितंच उभं ऱ्हायाचं."

साहेब हसले. बाकी कुणी हसलं नाही.

मी आत गेलो. त्या दिवशीचं चित्र खरोखरच हिरवं होतं. पण ते मी काढलेलं होतं, आणि माझाच त्यावर विश्वास बसेना.