वहिनीशी पहिला डाव

वहिनी आमच्या घरी पाहुणी म्हणून आठवडाभर होती आणि रविवारी परत पुण्याला निघणार होती. शुक्रवार उजाडला तरी माझं तिच्याशी बोलणं ‘कॉफी घेता का’ आणि ‘पंखा वाढवू का’ यापुढे गेलं नव्हतं. अण्णाची बायको माझी मैत्रीण व्हावी असं मला लग्न ठरल्यापासून वाटत होतं. पण आमची तंजावरकडची मराठी ऐकून ती हसेल या भीतीनं मी इंग्रजीत बोलायचे, आणि इंग्रजीत मी फारच कमी बोलते.

त्या दिवशी आई, अप्पा आणि अण्णा दारासुरमला विणकरांकडे तिच्यासाठी साडी बघायला गेले. आदल्या दिवशी तिरुनागेश्वरमच्या देवळात भर दुपारी प्रदक्षिणा घातल्यामुळे वहिनीचे तळपाय पोळले होते, म्हणून ती घरीच राहिली. तिच्या सोबतीला मी.

मी माझ्या खोलीत गेम काढून बसले. रानात फिरून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि लढवायचे, असा तो खेळ. त्याचे नवनवे भाग माझ्या जन्माआधीपासून निघत आले आहेत. वहिनी टाचांवर चालत दारात आली.

“हा अजून निघतो?” ती म्हणाली. “मी शाळेत असताना खेळायचे. चुलतभावानं कॉम्प्युटरवर टाकून दिला होता. दहावीला बाबांनी काढून टाकला.”

अण्णा पुण्यात राहतो, पण त्याचा कन्सोल इथेच पडून असतो. तो मी तिच्या हातात दिला. त्यातल्या अण्णाच्या प्राण्यांनाही मीच खाऊपिऊ घालते, तेव्हा तेही तयारीत होते.

आता आमच्या घरची एक रीत. नवी सून आली की तिच्याबरोबरचा पहिला डाव तिला जिंकू द्यायचा. पत्ते असोत की पल्लांगुळी, म्हणजे खळग्यांच्या पाटावर चिंचोके वाटत खेळायचा खेळ. आई या घरात आली तेव्हा आजोबासुद्धा तिच्याशी मुद्दाम हरले होते. मी ठरवलं की हरायचं, पण तिला कळू न देता.

हल्लीच्या भागात लढाईत एकदा आपल्या प्राण्याला स्फटिकासारखं चमकवून त्याची जातच बदलता येते. आगीचा प्राणी क्षणात पाण्याचा होतो. ते मी वापरलंच नाही. तिच्या झाडासारख्या प्राण्यावर मी पाण्याचे फवारे मारत राहिले. तरी ती जिंकेना. तीही काहीतरी भलतंच करत होती. शेवटी माझा लोखंडी अंगाचा एक प्राणी उरला आणि तिचं एक भूत. भुताकडे आगीचाही हल्ला होता आणि आगीत लोखंड वितळतं, तरी तिनं भुताचा साधाच वार निवडला. माझा लोखंडी गडी एका फटक्यात आडवा झाला.

वहिनीचा चेहरा पडला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

“हे कसं झालं?” ती म्हणाली. “लोखंडावर भुताचा वार निम्मा लागतो ना?”

“पूर्वी लागायचा. मधे नियम बदलला. आता पुरता लागतो,” मी म्हणाले. मग माझ्या लक्षात आलं. “वहिनी, तुम्ही मुद्दाम हरत होता?”

ती म्हणाली, “निघताना माझ्या आईनं बजावलं होतं, नणंदेला पहिल्याच भेटीत हरवू नकोस. पण तू मला काय विचारतेस? झाडाला पाणी घालत बसली होतीस. पाण्यानं झाड मरत नाही, हे माझ्या वेळीही असंच होतं.”

मी आमची रीत सांगितली. ती इतकी हसली की तळपाय जमिनीवर टेकले आणि हसता हसता कळवळली.

“म्हणजे आपण दोघी अर्धा तास हरायला झगडत होतो,” ती म्हणाली. “बरं, आणखी काय काय बदललंय ते सांग.”

मी सांगितलं. पूर्वी आगीचे सगळे हल्ले एकाच गुणावर मोजायचे. आता आगीचा ठोसा अंगाच्या ताकदीवर आणि आगीचा झोत वेगळ्या बळावर.

“आमच्या वेळी भुताचा प्रत्येक वार अंगाच्या ताकदीवर होता,” वहिनी म्हणाली. “ज्याला अंगच नाही त्याच्या. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.”

“तुमच्या वेळी म्हणजे राजांच्या काळात?”

“नणंदबाई, जीभ आहे की तुला.”

मधे काही वर्षं प्राणी तात्पुरतं रूप पालटायचे, मग काही वर्षं देवळाच्या गोपुराएवढे व्हायचे, असं मी सांगत सुटले. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, मी घरच्याच मराठीत बोलत होते. मधे तमिळही येत होतं. एखादा शब्द अडला तर ती विचारायची आणि पुढे ऐकायची.

दुसरा डाव आम्ही खरा खेळलो. मी तिला साफ हरवलं. तिसऱ्यातही. चौथ्याच्या मध्यावर मंडळी साडी घेऊन आली आणि अण्णानं काठ दाखवायला हाक मारली. वहिनी म्हणाली, “पाच मिनिटं, हिला आधी बघून घेते.” बघता काही आलं नाही, पण त्या डावात माझे दोन प्राणी तिनं पाडले.

रविवारी जाताना अण्णाचा कन्सोल ती घेऊन गेली. आता दर शनिवारी संध्याकाळी आम्ही इंटरनेटवरून खेळतो आणि फोन स्पीकरवर ठेवून भांडतो. परवा माझा आवाज चढला तेव्हा आई काळजीनं दारात आली.

“कोणाशी भांडतेस गं?”

“वहिनीशी.”

आई काही बोलणार तोच फोनमधून आवाज आला, “आई, तुम्ही मधे पडू नका. आज मी जिंकतेय.”

खरंच जिंकत होती.