माशांची गोल्टी

शाळेत मी चौथीपर्यंतच गेलो, पण शेतातलं मला कुणी शिकवावं, हे कधी चालवून घेतलं नाही. सटाण्याच्या बाजारात माझा कांदा उठून दिसतो. लावणीच्या बायकांना मी बांधावरून ओरडत असतो, "दाट लावू नका गं, गोल्टी होईल!" गोल्टी म्हणजे न पोसलेला बारका कांदा. व्यापारी त्याच्याकडे बघतपण नाही.

मागं शेततळ्यात मासे सोडायचं मनावर घेतलं. माशांचं बीज विकणारा तळं बघून म्हणाला, "बाबा, एवढ्या पाण्याला दोन पिशव्या बास."

"चार दे. पाणी माझं आहे."

बायको म्हणाली, "अहो, एवढे मासे खातील काय?"

"ज्यानं चोच दिली, तो चाराही देतो."

ती मालेगावकडची. चिडली की अहिराणीवर येते. "मासाले चोच कोठे शे?"

असल्या बोलण्याला मी भीक घालत नाही. उलट भावकीत सांगून आलो, थंडीत घरटी हातभर मासा पाठवीन.

थंडी आली. मासे बोटाएवढेच. "तुमच्या तळ्यात गोल्टी निघाली," बायको म्हणाली. मग मी ईर्ष्येनं पेंड दुप्पट टाकली, तर पाणी हिरवं पडून वास मारायला लागलं. आभाळ भरून आलं होतं, त्या दिवशी सकाळी बघतो तर सगळे मासे तोंडं वर काढून हवा गिळतायत.

"निम्मे काढा, द्या कुणाला तरी," बायको म्हणाली. "नाहीतर सगळेच जातील."

"हातभर सांगितलंय. बोटभर वाटू?"

"मग मरू द्या!"

मी जाळं घेतलं नाही. तळ्याला माझ्या शब्दाची काय पडलीय? आठवडाभर मासे उलटे होऊन वर येत राहिले. मी त्या बाजूला फिरकलोच नाही. मग हळूहळू पाणी निवळलं. जे उरले, त्यांना पेंड पुरायला लागली आणि उन्हाळ्यापर्यंत ते खरंच हातभर झाले. शब्द उशिरा का होईना, खरा झाला.

मासा घ्यायला आलेला चुलतभाऊ ओट्यावर बसून विचारू लागला, "दादा, एवढे पोसले कसे?"

"विरळणी केली," मी म्हटलं.

आतून बायको ओरडली, "आणि मेलेले पुरायला खड्डा मी खणला, तेही सांगा!"