कबर रिकामी होती का?

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. माझे मामाजी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पक्के ख्रिस्ती. मी आमगावकडच्या धानवाल्या शेतकऱ्याची हिंदू पोर, शाळेत इतिहास शिकवणारी. लग्नाला दोन्ही घरांतून विरोध झाला, तो हळूहळू मावळला. आमचा वाद मात्र कधी मावळला नाही. संध्याकाळी गोंदियाच्या घरी चहा झाला की मामाजी बायबल उघडायचे आणि मी पदर खोचायचे.

कुमारीला पुत्र होईल असं यशया संदेष्ट्याने सांगितलं, ते येशूचंच भाकीत, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, ज्या राजाला हे सांगितलं त्याच्या दाराशी शत्रूच्या फौजा उभ्या होत्या. सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या पोराचा त्या बिचाऱ्याला काय उपयोग? देवाचं बोलणं एका राजापुरतं नसतं, हे त्यांचं उत्तर तयारच असायचं. मग लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानातली, म्हणजे येशूच्या चरित्रातली, जनगणना निघायची, जिच्यासाठी योसेफ येशूच्या आईला, गरोदर मरियेला, घेऊन पूर्वजांच्या गावी गेला. आता मी स्वतः जनगणनेला उन्हातान्हात दारोदार फिरलेली बाई. माणसं राहतात तिथेच मोजतात, कोणी पणजोबाच्या गावी धाडत नाही, असं मी ठणकावलं की ते विचारायचे, तू रोमचं सरकार पाहिलंस काय? आत्याबाई बाजूला लाखोळीची डाळ निवडत असायच्या. फारच आवाज चढले की म्हणायच्या, त्या अवघडलेल्या पोरीचे पाय किती दुखले असतील, ते तुम्ही दोघंही बोलत नाही.

मागच्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आत्याबाई गेल्या. चर्चमधली माणसं यायची, ती प्रभूजवळ आहे, पुन्हा भेट होणारच, असं सांगायची. मामाजी मान हलवायचे. दफनाच्या वेळीही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. बायबल कपाटात गेलं ते गेलंच. मला ते घर सहन होईना. एकदा मी मुद्दाम खोडी काढली, म्हटलं, मामाजी, चार शुभवर्तमानांचा एकमेकांशी मेळ कुठे बसतो? ते म्हणाले, तुझंच बरोबर असेल.

इतक्या वर्षांत या माणसाने मला एक मुद्दा सुखासुखी सोडला नव्हता. मला जिंकायचं होतं हो, पण असं नव्हतं जिंकायचं.

पुढे एका रविवारी ते चर्चलाच गेले नाहीत. नवरा ड्यूटीवर होता, मी अंगणात उन्हात मेथी निवडत बसले होते. ते समोर खुर्ची ओढून बसले.

"तू माझं मन राखायला बोलत नाहीस. सांग पोरी, येशूची कबर खरंच रिकामी होती का?"

येशू कबरीतून उठला असेल तरच मेलेली माणसं उठणार; म्हणजे आत्याबाई पुन्हा भेटतील का, एवढंच ते विचारत होते. हो म्हणून टाकावं असं जिभेवर आलं होतं, पण या माणसाशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"माहीत नाही मामाजी. इतिहासाचा हात तिथवर पोचत नाही. पण एक गोष्ट मलाही खोडता येऊन नाही राहिली. शुभवर्तमानं लिहिणाऱ्या चौघांचं कशातच जुळत नाही, पण कबरीवर पहिल्या बायाच गेल्या आणि ती त्यांनाच रिकामी दिसली, हे चौघंही सांगतात. त्या काळात बाईच्या साक्षीला किंमत नव्हती. कोणी गोष्ट बनवलीच असती, तर बायांले कायले पुढं केलं असतं?"

त्यांनी मेथीची एक काडी उचलून खुडली. मग म्हणाले, हे त्यांना आधीपासून माहीत होतं, चर्चच्या पाळकांनी प्रवचनात कितीदा सांगितलेलं. पण ते सगळे त्यांच्या बाजूचे. मी त्यांच्या बाजूची नाही, म्हणून माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

हे ऐकून मी भडकलेच. मेथी बाजूला सारली.

"तुमच्या बाजूची नाही म्हणता? आत्याबाई तिथं भेटल्याच पाहिजेत, असं मलेही वाटून राहिलं मामाजी. तुमच्याइतकंच."

तेव्हा ते रडले. खांदे हलेपर्यंत रडले. मी त्यांचा हात धरून बसले, आणि माझंही काही वेगळं नव्हतं.