पेंटरांचा व्यवसाय कर

पाटी रंगवून झाली की ते दहा पावलं मागे जायचे, एक डोळा मिटायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "उभं राहिलं बगा." उभं राहिलं नाही, तर फडक्यानं पुसून पुन्हा लिहायचे. सगळा बाजार त्यांना पेंटर म्हणायचा. मीही म्हणायचो.

मोठ्या दुष्काळात त्यांनी बायकोबरोबर सरकारी कामावर खडी फोडली होती. तिथं मैलाच्या दगडांवर आकडे लिहायला कोणी मिळेना, ते यांनी लिहिले. ब्रश हातात आला तो तिथून.

लातूर जिल्हा नवा झाला ते वर्ष पेंटरांचं. शाळा, दवाखाने, सोसायट्या, झाडून सगळ्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसायचं होतं. सायकलला डबे बांधून ते चाकूरपासून निलंग्यापर्यंत हिंडले. आमच्या व्यवसाय कर कार्यालयाची पाटीही त्यांनीच लिहिली, आणि ब्रश धुऊन आत येऊन मला म्हणाले, "सायब, ह्या कराला माझं नाव लागंल का?"

तुम्ही कधी कचेरीत बसला असाल, तर माझं तोंड कसं झालं असेल ते ओळखाल. लोक आम्हाला पाहून गल्ली बदलायचे. वकील-डॉक्टर नोटीस गेल्याशिवाय फिरकत नसत. आणि हा माणूस आपल्या पायानं आला होता. उत्पन्न कराइतकी त्यांची कमाई नव्हती, पण व्यवसाय करात ते बसत होते.

"हौस आहे का, पेंटर?"

"तुमच्या पगारातून कापतेत न्हवं? मी पगार-पत्रक बगितलंय तुमच्या टेबलावर. माझा मालक मीच. माझं कोन कापनार?"

"मग भरा," मी हसत म्हणालो. "म्हातारपणी कामाला येईल."

थट्टाच होती. चहा संपायच्या आत मी ती विसरलोही.

पेंटर विसरले नाहीत. दरवर्षी धुतलेला सदरा घालून यायचे, चलन भरायचे, पावतीवर फुंकर मारून घडी घालायचे. सगळ्या तालुक्यात इतका सरळ करदाता मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं कौतुक मी चारचौघांत करायचो. ते असा कर का भरतात, हे मात्र मी एकदाही विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी ते प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या पावत्या घेऊन आले.

"सायब, हात थरथरायलाय. लिहिनं होत न्हाई आता. माझी पेन्शन चालू करा."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते खुर्चीवर सावरून बसले होते.

माझ्या पगार-पत्रकावर दोन कपाती होत्या, एक फंडाची आणि एक व्यवसाय कराची. पेंटरांनी त्यांची एकच केली होती. मी समजावून सांगितलं. नोकरदाराचा फंड त्याच्या नावावर साठतो. स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या नावावर काहीच साठत नाही. कर हा करच.

"मंग माझे पैसे?"

"रोजगार हमीला गेले. लोकांना कामं देतात ना, त्यात."

"पर तुमीच म्हनला हुता, म्हातारपनी..."

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "चुकलं माझं," असं मी पिशवीकडे बघत म्हणालो. त्यांचं नाव कमी करायचा अर्जही मीच लिहून दिला. दुसरं काय करणार होतो?

पुढं पुन्हा दोन वर्षं पाऊस हुकला. लातूरहून येताना आमची एसटी चाकूरच्या अलीकडे पंक्चर झाली. शेजारी रोजगार हमीवर पाझर तलावाचं काम चालू होतं. पाणी प्यायला म्हणून गेलो, तर लिंबाखाली रांजणाजवळ पेंटर. मजुरांना पाणी द्यायचं काम त्यांना मिळालं होतं. त्यांची म्हातारी बायको टोपलं घेऊन उन्हात रांगेत उभी होती.

त्यांनी पेला भरला. अर्धं पाणी माझ्यापर्यंत येईतो सांडलं.

"माझे पैसे कुठं गेले, म्हनून तुमाला लई बोललो त्या दिशी," ते म्हणाले आणि टोपल्यांच्या रांगेकडे हात केला. "हितं आले हुते बगा. मला ठावं नव्हतं."

त्या दिवशी ते एक शब्दही जास्त बोलले नव्हते.

"नोकरी चालूच हाय ना, सायब?"

"चालू आहे," मी खोटं बोललो, आणि माझ्या पेन्शनच्या कागदांची पिशवी पायामागे सरकवली.