नावातला काना

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. मिरजेला नर्सिंगच्या हॉस्टेलवर मुली मॉर्गच्या गोष्टी सांगून एकमेकींना बिलगायच्या, तेव्हा मी अंधारात हात घालून त्यांचे पाय ओढायची. त्यामुळे हे वाचून माझ्याच मैत्रिणी आता हसणार आहेत... हसू देत. फक्त एक विनंती. यात माझं नाव येईल, ते मोठ्यानं वाचू नका.

आमचं घर टोरांटोजवळ, मार्कहॅमला. टाउनहाउस, खाली बेसमेंट. घरात कुणी बघत नसलं तरी टीव्ही चालू असतो, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन फिरत असतो आणि बेसमेंटमध्ये रेडिओ बडबडत असतो. सून म्हणते, "आई, यू आर गोइंग डेफ." मी म्हणते, हो बाई, झालेच आहे. बहिरी म्हणवून घेणं परवडतं. खरं कारण आज पहिल्यांदा सांगतेय.

२०१६च्या उन्हाळ्यात मी टोरांटोच्या पूर्वेकडच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सी आणि ट्रॉमा प्रोग्रामची मॅनेजर म्हणून लागले. हॉस्पिटलचं नाव विचारू नका. काम असं — अपघात, पडझड, भोसकाभोसकी, अँब्युलन्समधून जे काही येईल त्यासाठी माणसं, खोल्या, सामान आणि कागद चोवीस तास तयार ठेवायचे. पेशंटला हात लावून मला पंधरा वर्षं झाली होती. हात फक्त सहीला लागायचा. वय एकसष्ट. साठीनंतर माणूस शहाणा होतो म्हणणाऱ्यांनी मला तेव्हा पाहिलेलं नाही. गळ्यात ओळखपत्राचा लॅन्यार्ड, काखेत क्लिपबोर्ड, आणि चाल अशी की ही बाई असती तर पानिपत जिंकलं असतं.

तिथली चार्ज नर्स मॉरीन. म्हणजे मॅनेजर कागदावर, शिफ्ट खरी चालवणार ती. मूळची न्यूफाउंडलंडची, मासेमाराची मुलगी, तीस वर्षं त्याच डिपार्टमेंटमध्ये. माझ्या आधीचे चार मॅनेजर तिनं येताना आणि जाताना पाहिले होते. माझ्याकडे तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच तिच्या कपाळावर वाचता येत होतं — ही पाचवी.

पहिल्याच सकाळी, उभ्या उभ्या होते त्या मीटिंगमध्ये, कुणीतरी आपुलकीनं विचारलं, तुझ्या नावाचा अर्थ काय? मी म्हटलं, "क्वाएट."

इमर्जन्सीत काम केलेल्यांना हे ठाऊक असेल. तिथे हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. "आज क्वाएट आहे" म्हटलं की अँब्युलन्सची रांग लागते अशी ठाम समजूत, आणि भलेभले डॉक्टर ती पाळतात. मलाही ठाऊक होतं. ठाऊक असूनच बोलले, वर म्हणाले, आता रोज क्वाएट तुमच्यासमोर उभी राहणार, सवय करून घ्या. कुणी हसलं नाही. मॉरीननं हातातलं पेन खाली ठेवलं. तासाभरात तीन अँब्युलन्स आल्या... योगायोग हो, दुसरं काय.

ट्रॉमा रूममध्ये एक पांढरा बोर्ड होता. त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या सगळ्यांची नावं त्यावर लिहायची, हा नियम. माझ्या नावाच्या जागी मॉरीन आडवी रेघ मारायची. मी रेघ पुसून नाव लिहायची, कॅपिटलमध्ये. दुपारी पाहावं तर पुन्हा रेघ. हळूहळू सगळेच मला नुसतं "एस" म्हणायला लागले. बेड मिळायची वाट बघत कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर धरून उभे असलेले पॅरामेडिक मी दिसले की एकमेकांना कोपरानं ढोसायचे. मी ट्रॉमा रूममध्ये पाऊल टाकलं की कुणीतरी पुटपुटायचं, आणि ते "गुड मॉर्निंग" नसायचं.

आता गंमत बघा. माझी आजी आम्हाला "दिवा विझव" म्हणू द्यायची नाही. "शांत कर" म्हणायचं. रात्री सापाला साप नाही, लांबडं. घरातून निघताना "जाते" नाही, "येते". आणि मॉरीनच्या वडलांच्या होडीवर "डुक्कर" हा शब्द काढायला बंदी होती. हे तिनं मला एकदा, एकदाच, नीट बसून समजावलं होतं. माझी आजी आणि तिचे वडील भेटते तर एका पाटावर बसून गप्पा मारते. पण त्या क्लिपबोर्डवालीला हे सुचायला हवं ना! ती म्हणाली, "धिस इज अ हॉस्पिटल, मॉरीन. नॉट अ बोट."

फेब्रुवारीपर्यंत माझं ठरलं. मॉरीनला चार्जवरून काढायचं, ट्रॉमा रूममध्ये तिनं यायचं नाही. पत्र तयार केलं, वारंवार सूचना देऊनही पालन नाही वगैरे, एचआरनं मान डोलावली. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेल्या बाईला वरच्या वॉर्डात पाठवायचं. का, तर तिनं माझं नाव पुसलं. पत्र तिच्या हातात द्यायची वेळ दुपारी तीनची ठरली.

त्या दुपारी बाहेर बर्फ पडत होतं आणि आत कॉरिडॉर रिकामा होता. एकही स्ट्रेचर नाही. आठ महिन्यांत मी असं पाहिलं नव्हतं. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. सगळे नुसतेच ड्रॉवर उघडत होते, मिटत होते. दोन वाजून दहा मिनिटांनी मी ट्रॉमा रूममध्ये गेले. मॉरीन सामान तपासत होती. बोर्डवर रेघ. मी ती पुसली, तिच्यादेखत माझं नाव लिहिलं, मार्करचं टोपण लावलं... आणि फोन वाजला.

तो भिंतीवरचा फोन. अँब्युलन्सवाले पेशंट आणताना आगाऊ कळवतात तो. त्याचा नंबर बाहेर कुणाकडे नसतो, आणि त्यावरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. मी जवळ होते, मी उचलला, म्हटलं, "ट्रॉमा." आधी नुसती खरखर. मग स्वच्छ मराठीत एका बाईचा आवाज.

"शांताहे का?"

आवाज वयस्क. ओळखीचा नाही. सासू "भांडी घासली का" विचारते ना, तसं ते विचारणं होतं — प्रश्न कमी, तपासणी जास्त. मला वाटलं, इथल्या मराठी मंडळातली कुणीतरी असेल, ऑपरेटरनं चुकून इथे जोडून दिलंय. मी म्हटलं, "हो, आहे. कोण बोलतंय?"

"बरं," ती म्हणाली. यादीवर खूण करावी तसं. आणि फोन ठेवला.

मॉरीननं विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, पर्सनल. या फोनवर? ती दोन पावलं पुढे आली. "व्हॉट डिड शी आस्क यू?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि इंग्रजी करताना जीभ अडकली. "शांता आहे का" आणि "शांत आहे का". घाईनं म्हटलं तर दोन्ही एकच. मध्ये एक काना, तोही पुढच्या "आ"त बुडून जातो. म्हणून पाहा. मनात म्हणून पाहा.

मी उत्तर द्यायच्या आत फोन पुन्हा वाजला. या वेळी खराखुरा, अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममधून. हायवेवर व्हाइटआउट, समोरचं काही दिसत नाही, ट्रक आणि गाड्या एकात एक घुसल्यात, किती ते मोजता येत नाही. पहिली अँब्युलन्स बारा मिनिटांत. मॉरीननं सगळं ऐकून घेतलं, कोड ऑरेंज पुकारायला सांगितलं — मोठी दुर्घटना झाली की अख्खं हॉस्पिटल कामाला लावतात तो — मग बोर्डापाशी गेली, माझं नाव तळहातानं पुसलं आणि मला म्हणाली, "गेट आउट ऑफ माय रूम."

मी गेले.

जिला तीनला काढायचं होतं, तिनं सात वाजेपर्यंत ते डिपार्टमेंट चालवलं. कोण आधी, कोण नंतर, कुणाला थेट ऑपरेशनला न्यायचं, कुणाच्या आईला बाहेर बसवायचं... एकदाही आवाज चढला नाही. आणि मी? अँब्युलन्सकडचं सरकतं दार थंडीनं अडकत होतं, ते मी पाठीनं धरून उभी होते. चार तास. मॅनेजर, ट्रॉमा प्रोग्राम. काखेत क्लिपबोर्ड, त्यात पत्र. डोक्यावर बर्फ साचलेला एक पॅरामेडिक स्ट्रेचर ढकलत माझ्या अंगावरून गेला आणि मागे न बघता म्हणाला, "हॅपी नाउ?"

त्या दिवशी आमच्याकडे दोघं गेली. एक ट्रक ड्रायव्हर आणि एक कॉलेजातली मुलगी. आपल्याकडे माणूस गेला की काय म्हणतात? शांत झाला. हे मी मॉरीनला कधीच सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी आढाव्याची मीटिंग झाली. डायरेक्टर, एचआरची बाई, मॉरीन आणि मी. रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज, "ट्रॉमा." खरखर. मग पुन्हा मी, "हो, आहे. कोण बोलतंय?" खरखर. संपलं. मध्ये कुणीच नाही. ना "शांताहे का", ना "बरं". अँब्युलन्सवाले म्हणाले, त्या वेळी आमच्याकडून फोन केलेला नाही. बाहेरूनही कुठून आल्याची नोंद नव्हती. पण वाजलेला मॉरीननंसुद्धा ऐकला होता.

डायरेक्टरनं विचारलं, तुझ्या भाषेत तू काय म्हणालीस? खोलीत मराठी येणारी मी एकटी. समोर मॉरीन, हाताची घडी घालून. क्लिपबोर्डमध्ये पत्र तसंच. "क्वाएट" म्हटलं असतं, तर मॉरीन खरी ठरली असती आणि ते पत्र खोटं.

"आय सेड, येस, शी इज हिअर," मी म्हणाले. "दे आस्क्ड फॉर मी."

खोटं नव्हतं हो. एका कान्यापुरतं खरं होतं. इमर्जन्सीच्या फोनवर खासगी कॉल घेऊ नयेत म्हणून डायरेक्टरनं मला दोन वाक्यं सुनावली आणि फाइल मिटली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मॉरीननं मला गाठलं. इतक्या जवळ ती कधी उभी राहिली नव्हती. "दॅट्स व्हॉट यू सेड," ती म्हणाली. "नाउ टेल मी व्हॉट यू हर्ड." मी लिफ्टचं बटण दाबत राहिले.

पत्र मी त्याच संध्याकाळी श्रेडरमध्ये घातलं. मोठं मन वगैरे समजू नका. घाबरले होते. त्यानंतर बोर्डवर रेघच राहिली आणि मी ती पुसली नाही. दीड वर्षानं रिटायर झाले तेव्हा केकवर आयसिंगनं "गुडबाय" आणि पुढे एक रेघ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच. मॉरीननं केक कापायला सुरी दिली, पातं माझ्याकडे करून.

इथेच संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

२०१९चा ऑक्टोबर, कॅनडातल्या थँक्सगिव्हिंगची सुट्टी, भर दुपार. आठ वर्षांची माझी नात ईरा टेबलाशी रविवारच्या मराठी शाळेचा होमवर्क करत होती. आवाजानं डोकं दुखतं म्हणून तिनं टीव्ही बंद केला, रेडिओ बंद केला, फॅनसुद्धा. मी चटणीसाठी मिक्सरमध्ये सुकं खोबरं भरत होते. घरचा फोन वाजला, तिनं धावत जाऊन घेतला आणि तिथूनच ओरडली.

"आजी, अ लेडी इज आस्किंग, इज इट क्वाएट हिअर?"

मी विचारलं, ती बाई काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांग. ईराचं मराठी शाळेतलं. बोलतानासुद्धा ती धड्यातल्यासारखे शब्द सुटे सुटे करते. "शांत," ती म्हणाली. "आहे. का."

काना नव्हता.

"मग तू काय सांगितलंस?"

"आय सेड, आय विल आस्क माय आजी."

मी मिक्सर लावला. शेवटच्या नंबरावर. ईराच्या हातातला फोन घेतला, मिक्सरजवळ धरला आणि बेंबीच्या देठापासून सांगितलं, "नाही." मग मिक्सर तसाच चालू ठेवला, जळका वास येईपर्यंत. बंद केला तेव्हा फोनमध्ये नुसता डायल टोन होता. कॉलर आयडीवर नंबरच्या जागी आडवी रेघ. मुलगा म्हणतो, टेलिमार्केटिंग असेल. मराठीतून? असेल बापडं.

त्या रात्री मॉरीनला ईमेल लिहिली, तीन ओळींची. त्या दुपारी मी खरं काय ऐकलं होतं, आणि "हो" कशाला म्हणाले होते. उत्तर सकाळी आलं. "आय न्यू दॅट. प्लीज डोन्ट राइट अगेन."

एक्स्प्लनेशन नाही माझ्याकडे. ती बाई सावध करायला फोन करते, की परवानगी घ्यायला, हेही आजवर कळलेलं नाही. मी "नाही" म्हटलं असतं तर तो हायवे... जाऊ दे. तिथे विचार नेला की परत आणता येत नाही.

मिक्सर जळलाच होता. दुसऱ्याच दिवशी नवा आणायला गेले. दुकानातली बाई फार गोड. म्हणाली, "आंटी, इसमें क्वाएट मॉडल भी आता है." मी म्हटलं, नको बेटा, सबसे ज़्यादा आवाज़वाला दे. तिनं दिला. वॉरंटीच्या फॉर्मवर नाव काय लिहू म्हणाली.

मी सुनेचं सांगितलं.