तेराव्याचं तूप

सुनेने उदबत्तीचं नवं पुडकं फोडलं, की बेळ्ळंदूरच्या या फ्लॅटमध्ये मला चामराजपेटची सुशीलक्का दिसते.

नव्वदच्या दशकात मी गरिबीच्या पाहणीसाठी घरोघर फिरत असे. तीच घरं, दोन वर्षांनी पुन्हा. दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा सुशीलक्का दारात बसून काळ्या, ओल्या लगद्याच्या उदबत्त्या वळत होती. तिचा नवरा मार्केटात हमाल होता, तो नुकताच गेला होता. आमच्या फॉर्मात मात्र एवढंच विचारायचं होतं, की गेल्या तीस दिवसांत घरात काय काय शिजलं; त्याच्याच हिशोबावरून घर गरीब की नाही ते ठरायचं.

"तूप?" मी विचारलं.

"झालं की! मंगळवारी यांचा तेरावा होता. माझ्या भावांनी तांदूळ, गूळ, तूप सगळं आणलं. पंगतीला काही कमी पडू दिलं नाही." बोटं पदराला पुसत तिने विचारलं, "लिहिलं ना बाई, सगळं?"

लिहिलं. जे खाल्लं ते मांडायचं, का खाल्लं ते नाही, असा नियम होता. काम चोख झालं म्हणून मी खूशही होते. आता वाटतं, तूप गाळलं असतं तरी तिच्या चुलीला काय फरक पडणार होता?

अहवालात नवरा जिवंत असताना ती दारिद्र्यरेषेखाली होती. तो गेला त्या महिन्यात ती वर आली. त्या गल्लीत सुधारलेलं घर एकच निघालं, सुशीलक्काचं.